नर्सबाई पळून जात नाही, तिला घालवले जाते

ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या दहा दिवसांत वाशीम जिल्ह्याच्या वाट्याला दोन मोठी उद्‌घाटने आली. ५ तारखेला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. नगाऱ्याच्या आकाराची ही इमारत लांबूनही नजरेत भरते. ९ तारखेला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकदम उद्‌घाटन झाले, त्यांत वाशीमचेही एक होते. एकीकडे पोहरादेवी-उमरीच्या विकास आराखड्यावर शेकडो कोटींचा खर्च, दुसरीकडे जिल्ह्याला स्वतःचे मेडिकल कॉलेज.

यात वाईट काय, असे कुणी विचारील. वाईट काहीच नाही. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी आहे. इंग्रजांच्या कायद्याने ज्या समाजातल्या लोकांवर 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला, त्याचा इतिहास मानाने मांडला जातो याचा आनंद आम्हालाही आहे. आणि २०१८ साली नीती आयोगाने ज्याला 'आकांक्षित', म्हणजे सरळ मराठीत मागे पडलेला, जिल्हा म्हटले, तिथे मेडिकल कॉलेज यायलाच हवे होते. आमचा प्रश्न एवढाच आहे: इमारतींच्या फिती कापून झाल्या, आता त्यांच्यात रात्रपाळीला कोण उभे राहणार? रामनवमीच्या यात्रेला लाखो माणसे पोहरादेवीला येतात. त्या गर्दीत चक्कर येऊन पडलेल्या म्हातारीला सलाईन कोण लावणार? आणि यात्रा उठून गेल्यावर, एरवीच्या अकरा महिन्यांत, तांड्यावरच्या अडलेल्या बाईचे बाळंतपण कोण करणार?

उत्तर सर्वांना माहीत आहे. नर्स. आणि त्या उत्तरापाठोपाठ येणारी तक्रारही सर्वांना पाठ आहे: "काय करणार हो, नव्या मुली टिकतच नाहीत. नेमणूक होते, सहा महिन्यांत पळून जातात."

मैत्रिणींनो, या एका वाक्याशी आमचे भांडण आहे.

आरोप कुणावर?

'टिकत नाहीत' या शब्दांत सगळा दोष मुलीवर येतो. जणू काही ती चंचल आहे, आळशी आहे, शहराची हौस असलेली आहे, किंवा लग्न झाले की नोकरी सोडणारच आहे. सून सासरी 'टिकली नाही' असे म्हणताना ज्या चलाखीने सासरचे वागणे झाकले जाते, तीच चलाखी इथे आहे. घरात तिचे काय झाले हे कुणी विचारायचे नाही, ती निघून गेली एवढेच बोलायचे.

आपल्या भागातल्या एखाद्या मुलीचा रस्ता डोळ्यांसमोर आणून पाहू. मुलगी तांड्यावरची. आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. ती बारावी होते, पुसद, यवतमाळ किंवा अकोल्याकडे कुठल्यातरी नर्सिंग स्कूलमध्ये जीएनएमला जाते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तके यांसाठी घर कर्जात. शिकतानाच ती वॉर्डात राबते. शेवटच्या काळातली इंटर्नशिप म्हणजे अनेक ठिकाणी फुकटातली पूर्ण ड्युटीच असते. मग परीक्षा, मग मुंबईच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी. एवढे सगळे करून जी मुलगी कामाच्या दारात उभी राहते ती पळपुटी असेल काय? जिने तांड्यावरून निघून इथवर मजल मारली, तिच्या चिकाटीबद्दल शंका घेण्याचा अधिकार कुणाला आहे?

तेव्हा प्रश्न उलटा विचारू या. इतकी चिकाटी असलेली मुलगी सहा महिन्यांत का मोडते? तिला कोण मोडते?

पहिले वर्ष

जी मुलगी काल विद्यार्थिनी होती ती आज 'सिस्टर' होते. काल चूक झाली तर पाठ्यनिर्देशिका हात धरत होती. आज तिच्या एकटीच्या हातात पूर्ण वॉर्ड असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. ज्या मैत्रिणींनी कुठल्याही सरकारी वॉर्डात एक रात्र काढली आहे, त्यांना या निकषाचे वास्तवात काय होते ते सांगायला नको. खाटा भरलेल्या, खाली जमिनीवर गाद्या, आणि टेबलाशी एक मुलगी. सलाईन संपत आलेले, कुणाचा ताप चढलेला, नातेवाईक आरडाओरडा करणारे, आणि डॉक्टर फोनवर.

हा धक्का काही आपल्याच मुलींना बसतो असे नाही. अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर या परिचर्येच्या अभ्यासक बाईंनी १९७४ साली यावर पुस्तकच लिहिले आणि त्याला 'रिअ‍ॅलिटी शॉक', म्हणजे वास्तवाचा धक्का, असे नाव दिले. शाळेत शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डात करावी लागणारी नर्सिंग यांतल्या दरीत नवी नर्स कोसळते आणि पेशाच सोडते, हे त्यांनी तेव्हाच मांडले. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून नव्या नर्सला सुरुवातीचे काही महिने एक ठरलेली अनुभवी सोबतीण देण्याची पद्धत आली. तिला ते 'प्रिसेप्टर' म्हणतात. नवी मुलगी चुकली तर ती सांभाळते, शिकवते, आणि तिला घाबरून न जाता प्रश्न विचारता येतो.

आपल्याकडे ही गोष्ट अगदीच अनोळखी आहे काय? नाही. चांगली इन्चार्ज सिस्टर जिथे आहे तिथे ती हे काम आपणहून करतेच. पण ते तिच्या भलेपणावर सोडलेले आहे. त्यासाठी तिला वेळ नाही, तिच्या ड्युटीतून खाटा कमी होत नाहीत, सेवापुस्तकात त्याची नोंद नाही. स्वतःच थकून गेलेली, निवृत्तीला आलेली सिस्टर नव्या मुलीला कधी जवळ घेते, कधी तिच्यावरच खेकसते. "आम्ही नाही का सोसले? तूही सोस." सासूने सुनेला ऐकवावे तेच हे वाक्य. ते बोलणाऱ्या बाईवर राग काढून उपयोग नाही. दोघींच्या वाट्याला पुरेशा खाटा, पुरेशी माणसे आणि पुरेशी झोप न देणारी व्यवस्था मोकळी सुटते आणि दोन बाया एकमेकींच्या उरावर बसतात.

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला इंटर्नशिपचे एक वर्ष मिळते, त्याचे विद्यावेतन मिळते, वरती निवासी डॉक्टर असतो. तो शिकतो आहे हे सगळे मान्य करतात. नर्स मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण तयार असलीच पाहिजे! बाईला सेवा करायला शिकावे लागत नाही, ते तिच्या रक्तातच असते, हा जुना समज याच्या मुळाशी आहे.

सेवाभावाचा सापळा

या समजाचा इतिहास आपण विसरता कामा नये. दुसऱ्याचे मलमूत्र, रक्त, जखमा हाताळण्याचे काम आपल्या समाजाने विटाळाचे ठरवून ठेवले. बाळंतपणाची नाळ कापायला दलित जातीतली दाई हवी, पण तिला घरात पुढे येऊ द्यायचे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी माणसांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुल्यांनी प्राण ठेवला, तो याच विटाळाच्या भिंती ओलांडून. पुढे रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवले, तेव्हा भल्या घरच्या बाईने परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा काय, म्हणून समाज बिथरला.

त्या काळी या बायांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी 'सेवा' हा शब्द ढालीसारखा वापरावा लागला, हे समजण्यासारखे आहे. पण आज तीच ढाल मालकाच्या हातात गेली आहे. पगार मागितला की 'सेवा आहे, धंदा नाही'. सुट्टी मागितली की 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा'. १२ मे आला की फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, सिस्टरांना गुलाबाचे फूल. करोनाच्या काळात टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. आणि त्याच काळात तीन-तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेल्या मुलींना लाट ओसरताच घरी पाठवले गेले. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले होते की शंभर दिवस कोविड ड्युटी केलेल्यांना पुढच्या सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. त्या शंभर दिवसांचे प्रमाणपत्र फाइलीत लावून आजही कंत्राटावर राबणाऱ्या मुलींना विचारा, त्याचे काय झाले ते.

अकरा महिन्यांची बाई

सरकारी आरोग्यसेवेत आज एकाच वॉर्डात, एकाच पेशंटच्या उशाशी, किती जातींच्या नर्सेस उभ्या असतात ते मोजून पाहा. कायम अधिपरिचारिका, बंधपत्रित अधिपरिचारिका, राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी, बाहेरच्या एजन्सीची. काम तेच, गणवेश जवळजवळ तोच, जबाबदारी तीच, पगार मात्र वेगवेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाबच्या खटल्यात निकाल दिला की तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन मिळाले पाहिजे. निकाल कागदावर राहिला.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून कंत्राटाची ही रीत गावोगाव पोहोचली. अकरा महिन्यांचा आदेश, मग एखाद्या दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. तो एक दिवस कशासाठी? बाई सलग नोकरीत होती असे कुठल्याही कोर्टात म्हणता येऊ नये यासाठी. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचे ठरले. ती अंमलबजावणी होईना म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभर हे कर्मचारी पुन्हा संपावर गेले. त्याआधी मे २०२२ मध्ये, आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये, सरकारी परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्धच आंदोलन केले होते. यात नव्या मुलीसाठी निरोप काय आहे? दहा वर्षे अधांतरी लटकून राहा, मग तुझा विचार करू. बाविशीत लागलेली मुलगी बत्तिशीपर्यंत वाट पाहील. तेवढ्यात तिचे लग्न, बाळंतपण, घरच्यांचे आजारपण, सगळे होऊन जाईल. आणि वर आपण म्हणायचे, टिकत नाहीत!

खाजगीकडे पाहावे तर तिथे आणखी अंधार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान वीस हजार रुपये मिळावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सेइतका पगार द्यावा. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मालकांना चांगले ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी नव्याने लागलेल्या अनेक मुलींच्या हातात त्याच्या निम्मेही पैसे पडत नाहीत. 'अनुभव नाही ना तुला' हे कारण तयार असतेच. कुठे मूळ प्रमाणपत्रे कपाटात कोंडून ठेवतात, कुठे बाँड लिहून घेतात. यालाच काही व्यवस्थापक नर्सेस 'टिकवून ठेवणे' म्हणतात. असे टिकवणे म्हणजे वेठबिगारी.

ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईच्या एका बड्या खाजगी रुग्णालयात केरळच्या एका तरुण नर्सने आत्महत्या केली. तिच्या मैत्रिणींनी काम थांबवले आणि बाँड रद्द करा, आमची प्रमाणपत्रे परत द्या, अशी मागणी केली. त्याच वर्षी केरळात नर्सेसची नवी संघटना उभी राहिली. संपामागून संप झाले, आणि एप्रिल २०१८ मध्ये केरळ सरकारला खाजगी नर्सेससाठी वीस हजारांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. मुंबईत एक मुलगी गेली, तिचे मोल केरळच्या नर्सेसनी रस्त्यावर येऊन वसूल केले. महाराष्ट्रातल्या आपण सगळ्याजणींनी यावर विचार करायला हवा.

आणि आता गंमत पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सेसही आहेत. त्यांना जर्मन भाषा शिकवण्याची तयारी सरकारने दाखवली. जाणाऱ्या मुलींना आमच्या मनापासून शुभेच्छा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात अजून ५८ लाख नर्सेस कमी आहेत, तेव्हा त्यांना बोलावणारे मिळणारच. पण जे सरकार परदेशी रुग्णांसाठी मुलींना जर्मन शिकवायला निघाले, त्याला बंजारा तांड्यावरच्या बाईशी गोरबोलीत बोलणारी मुलगी मानोरा तालुक्यात टिकावी म्हणून काय करावे हे सुचू नये?

खोलीची कडी

उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकेवर एक आरोप नेहमीचा असतो: मुख्यालयी राहत नाही आणि घरभाडे भत्ता मात्र उचलते. गावातले पुढारी ग्रामसभेत हा विषय मोठ्या हिरिरीने काढतात. त्यांना आमचे सांगणे आहे, आधी ते क्वार्टर उघडून पाहा. नळाला पाणी आहे काय? संडासाला दार आहे काय? दाराला आतून कडी आहे काय? रात्री दोन वाजता दार ठोठावले गेले, तर बाहेर खरोखर अडलेली बाई आहे की दारू प्यालेला कुणी आहे, हे एकट्या बावीस वर्षांच्या मुलीने कसे ओळखायचे?

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर रुग्णालयातल्याच सफाई कामगाराने बलात्कार केला. ड्युटी संपवून कपडे बदलायला ती तळघरात गेली होती. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला, तोवर ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या नर्सेसनी तिला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. हल्लेखोराला शिक्षा झाली ती जीवघेणा हल्ला आणि चोरीची. बलात्काराचा खटला चाललाच नाही. आपण हे प्रकरण दयामरणाच्या वादासाठी आठवतो. आम्हाला ते तळघरासाठी आठवते. नर्सला कपडे बदलायला सुरक्षित खोली का नव्हती?

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. देश पेटून उठला, ते योग्यच झाले. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यात नामवंत डॉक्टर होते, वरिष्ठ अधिकारी होते. नर्स एकही नव्हती. रात्रभर वॉर्डात जी उभी असते तिला धोका कुठे असतो हे विचारावेसे कुणाला वाटले नाही.

१९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवीवर बलात्कार झाला तेव्हा तीही सरकारच्या योजनेतली तळच्या पायरीवरची बाई होती, सरकारचेच काम करत होती. तिच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, आणि जिल्ह्याला स्थानिक समिती हवी. आपल्या जिल्ह्यातल्या किती नव्या आरोग्यसेविकांना त्या समितीच्या अध्यक्षांचे नाव ठाऊक आहे? रुजू होताना तिला कुणी ते सांगितले काय?

आग लागली की सापडते ती

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. वरच्या काही अधिकाऱ्यांचे निलंबन झाले, बदली झाली. ड्युटीवरच्या दोन कंत्राटी नर्सेसची मात्र नोकरी गेली आणि पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही त्यांच्यावरच दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, अकरा रुग्ण दगावले. अटक झाली ती एक महिला डॉक्टर आणि तीन नर्सेसना.

कुणाचीही चूक झाकावी असे आम्ही म्हणत नाही. ज्या आईचे बाळ गेले तिला जाब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण इमारतीची वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा, वॉर्डात किती माणसे नेमायची, हे सगळे ठरवणारे कुठे बसतात? नर्स ते ठरवत नाही. डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करण्यापूर्वी तज्ज्ञांचे मत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात बजावले. नर्सला तेवढे तरी संरक्षण नको काय? नव्या मुली या बातम्या वाचतात. अकरा महिन्यांच्या नोकरीसाठी तुरुंगाचा धोका पत्करायचा, हे गणित त्यांना न कळण्याइतक्या त्या बावळट नाहीत.

"पण त्या तर बायांवर ओरडतात!"

आता आपल्यातल्याच मैत्रिणींचा आक्षेप. तो खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. बाळंतपणाच्या खोलीत बाईला मारलेल्या चापट्या, "तेव्हा नाही का लाज वाटली" असले घाणेरडे टोमणे, तांड्यावरच्या बाईच्या कपड्यांना आणि भाषेला नाके मुरडणे, हे सगळे आपण ऐकले आहे, नोंदवले आहे. एप्रिल १९९६ पर्यंत कुटुंबनियोजनाची टार्गेटे होती, तेव्हा केसेस गोळा करायला दारोदार फिरणारी नर्सबाई गरीब बाईला सरकारचा हात वाटायची. मग तिची बाजू आपण का घ्यायची?

आमचे म्हणणे असे. ओरडणारी नर्स कॉलेजातून तशी बाहेर पडत नाही. ती पहिल्या वर्षात घडते. एकटी, झोपेविना, चार बाळंतिणींच्या मध्ये उभी असलेली नवी मुलगी घाबरते. घाबरलेले माणूस एक तर पळते, नाही तर कठोर होते. पळालेली आपल्याला दिसते, कारण पद रिकामे होते. कठोर झालेली तीस वर्षे नोकरी करते आणि तिच्याखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला तेच शिकवते. सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम काढला, बाळंतिणीला सन्मानाने वागवा असे सांगितले. चांगले झाले. पण जिला स्वतःला कुणी सन्मानाने वागवले नाही, तिच्याकडून भिंतीवरच्या पोस्टरने सन्मान कसा निघेल? म्हणून बाळंतिणीचा हक्क आणि नर्सचा हक्क हे दोन तराजूंत तोलण्याचे विषय नाहीत. नव्या नर्सला सोबत मिळाली तर बाळंतिणीलाही माणुसकी मिळण्याची शक्यता वाढते.

आणि नर्स बदलत राहिली की नुकसान कुणाचे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, हे २०१९ मध्ये सरकारी समितीनेच सांगितले. आमच्या भागातल्या तांड्यांवरच्या बायाही त्याच फडात जातात. अंगावरून पांढरे जाते म्हणून घाबरलेल्या बाईला "यासाठी पिशवी काढायची नसते ग, आधी ही औषधे घे" असे सांगणारी, तिच्या भाषेत बोलणारी, चार वर्षांपासून ओळखीची नर्स उपकेंद्रावर असेल, तर ती बाई खाजगी दवाखान्याच्या पायरीवर सहजी जाणार नाही. विश्वास बसायला वर्षे लागतात, आणि दर अकरा महिन्यांनी चेहरा बदलणाऱ्या केंद्रावर तो बसणार कसा?

आमच्या मागण्या

१. नव्या नर्सला पहिले तीन महिने एकटीने रात्रपाळी देऊ नये. पहिले वर्षभर तिच्या सोबत नाव ठरवून एक अनुभवी सिस्टर द्यावी, त्या सिस्टरच्या खाटा तेवढ्या कमी कराव्यात आणि तिला त्याचा भत्ता द्यावा.

२. अकरा महिन्यांचे आदेश बंद करावेत. मंजूर पदे कायम भरावीत. तोवर समान कामाला समान वेतन द्यावे.

३. खाजगी रुग्णालयांत वीस हजारांची किमान मर्यादा कायद्याने लागू करावी आणि ती शिफारशीच्या काळापासूनच्या महागाईप्रमाणे वाढवावी. पगार बँकेत जमा व्हावा. मूळ प्रमाणपत्रे अडकवणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा.

४. पाणी, वीज, संडास आणि आतून कडी असल्याशिवाय उपकेंद्राचे क्वार्टर 'राहण्यायोग्य' म्हणून दाखवू नये. दुर्गम ठिकाणी एकीऐवजी दोघींना एकत्र नेमावे. रात्रीच्या कॉलला वाहन आणि सोबत द्यावी.

५. रुजू होतानाच तक्रार समितीची नावे व फोन लेखी द्यावेत.

६. दुर्घटनेच्या चौकशीत नर्सेसची प्रतिनिधी असावी. तज्ज्ञांच्या मताशिवाय नर्सवर गुन्हा दाखल करू नये.

७. तांड्यावरच्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलींना जवळच्या नेमणुका मागता याव्यात. गोरबोली येणे ही पात्रता धरावी.

८. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक नर्सला कारण विचारावे, ते लिहून घ्यावे आणि रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावे.

आणि आपण

सरकारकडे मागून थांबायचे नाही. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचे काम चालले आहे. जनसुनवाईत 'नर्स हजर असते का?' हा प्रश्न आपण विचारतो. त्याच कागदावर आणखी चार प्रश्न लिहा: तिच्या खोलीला पाणी आहे का? तिचा पगार वेळेवर होतो का? तिला सुट्टी मिळते का? तिला कुणाची भीती वाटते का?

गावात नवी सिस्टर आली की बचत गटाच्या, महिला मंडळाच्या चौघीजणींनी पहिल्याच आठवड्यात तिला भेटायला जा. क्वार्टरची कडी स्वतः लावून पाहा. रात्री बाळंतपणाला बोलवायचे तर सोबत एक बाई जाईल असे ठरवा. ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून दिवा लागतो की नाही ते बघा. पुढाऱ्याने ग्रामसभेत तिच्याविरुद्ध ठराव आणला तर आधी तिला बोलू द्या. आणि तिने एखाद्या बाळंतिणीला टाकून बोलले, तर तेही तिला तोंडावर सांगा. मैत्रीत ते सांगता येते.

नर्सेसच्या संघटनांनाही आमचे आवाहन आहे. संपाच्या मंडपात कायम आणि कंत्राटी, सरकारी आणि खाजगी, अशा वेगळ्या सतरंज्या अंथरू नका. मालकाला तेच हवे आहे. महिला संघटनांना मंडपात बोलवा, आम्ही येऊ.

येत्या रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत आरोग्य पथकाच्या तंबूत पांढऱ्या कपड्यांतली एखादी नवी मुलगी उन्हात उभी असेल. जाणाऱ्या मैत्रिणींनी दर्शन घेऊन परतताना तिच्यापाशी थांबावे. तिचे नाव विचारावे, ऑर्डर किती महिन्यांची आहे ते विचारावे, आणि तिच्या हातात मागण्यांचा हा कागद द्यावा. पुढच्या वर्षी ती तिथेच असेल की नाही, हे तिच्या एकटीच्या चिकाटीवर सोडून देऊ नका.